मधल्या पायरीवरचा तारा

गोकुलम, म्हैसूर
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४
आश्विन शुद्ध पंचमी

चि. संकर्षण यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तू कसा आहेस हे विचारायची आज मुळीच इच्छा नाही, पण रीत आहे म्हणून विचारते. सुप्रीताचा गुडघा कसा आहे? तिला सांग, शुक्रवारचं तिचं अननसाचं आंबटगोड गोज्जु फार चांगलं झालं होतं. मी ते कुठं खाल्लं हे विचारू नकोस.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचतोस आणि गप्प बसतोस. साठी उलटलेला माणूस बायकोच्या मागे लपून बहिणीवर रुसतो, हे शोभत नाही. म्हणून कागदावर लिहिते. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, रागाचं पत्र जरूर लिहावं, फक्त अक्षर नीट असावं. अक्षर नीट आहे, बघून घे. संध्याकाळी ऑटोनं बोगादीला येऊन तुझ्या पेटीत टाकीन. घंटी वाजवणार नाही.

मुद्दा एवढाच. रविवारी उसळीचा द्रोण अर्धा टाकून तू माझ्या घरातून उठून गेलास. दशमीच्या आत, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या निजवायच्या आधी, तू परत यायचंस आणि मधल्या पायरीवर जे मांडलंय ते नीट बघायचंस. एका माणसाचं त्यावर अडलं आहे. ते माणूस मी नव्हे.

तू व्हरांड्यात फोनवर क्रिकेट बघत होतास, त्यामुळे आत काय झालं ते तुला रुक्मिणीकाकूंच्या तोंडून कळलं. आपल्या काकू चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि एका डोळ्यानं बघतात. आता माझ्या तोंडून ऐक.

यंदा मी दसऱ्याच्या मिरवणुकीची जंबूसवारी मांडली नाही. तोच हत्ती, सोंड दोनदा चिकटवलेली, तीच अंबारी, तेच शिपाई. मला कंटाळा आला. यंदा जन्माला येणारा तारा मांडायचा ठरवला. कल्पना वर्षिणीची, हातकामही तुझ्या लेकीचंच, मी फक्त हुकूम सोडले. कापूस चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला, तो झाला धुळीचा ढग. केक सजवायची फिरती थाळी आणून तिला छोटी मोटर बसवली, ती झाली ताऱ्याभोवतीची तबकडी. मधोमध पिवळा दिवा. आणि त्या दिव्यातून एक झोत सरळ वर, एक सरळ खाली, ट्रेसिंग पेपरच्या लांब नळ्या आणि आत दिव्यांच्या माळा. वरचा निळा, खालचा तांबडा. आपल्याकडं येणारा वायू मोजताना निळ्याकडं सरकलेला दिसतो आणि दूर जाणारा तांबड्याकडं, म्हणून. त्या रंगांवर तुझी मुलगी अडून बसली. मी म्हटलं, दोन्ही पिवळे करू, माळ घरात आहे. ती म्हणाली, "आत्या, खोटं मांडायचं असेल तर हत्तीच मांड."

खालच्या झोताला जागा हवी होती, म्हणून सुताराकडून फळीच्या पुढच्या काठाला खाच मारून घेतली. तो बिचारा करवत धरून उभा. "अम्मा, देवाची पायरी कापायची?" म्हटलं, "देवानंच केलेली वस्तू बसवायची आहे. काप."

चूक एकच झाली आणि ती आम्हा दोघींनाही दिसली नाही, कारण आम्ही फक्त तारा बघत होतो. खालच्या पायरीवर दशावतार असतात, आईच्या वेळेपासून. तांबड्या झोताचं टोक नेमकं वराहाच्या सुळ्यांपाशी उतरलं. वरच्या पायरीवर सरस्वती आणि तिचा हंस. समोर चटईवर बसून बघितलं तर निळ्या झोताचं टोक हंसाच्या पंखाला टेकलेलं दिसत होतं. आता तूच सांग, या गावात कुणी काय समजेल?

शेजारच्या गौरम्मा पहिल्या आल्या. दारातच हात जोडले. "अय्यो, एष्टु चेन्नागिदे री, मॅडम! लिंगोद्भव!" किती छान, किती छान, करत त्या पुढं झाल्या, आणि मी आतून करंडा आणेपर्यंत त्यांनी पर्समधलं कुंकू काढून माझ्या ताऱ्याला लावलंसुद्धा. ट्रेसिंग पेपरला! तो डाग आता निघत नाही. वर म्हणाल्या, "तुमच्यात हे मांडत नाहीत ना? बहळ दोड्ड मन तुमचं." माझं मन मोठं आहे हे मला म्हैसुरात पहिल्यांदाच कुणी सांगितलं, आणि तेही चुकून.

त्यांच्या मागून रुक्मिणीकाकू. गोष्ट तुला माहीतच आहे. शिव अग्नीचा खांब होऊन उभा राहतो, ब्रह्मदेव हंस होऊन वरचं टोक शोधायला उडतो, विष्णू वराह होऊन खालचं टोक शोधायला जमीन खणत जातो, आणि टोक दोघांनाही सापडत नाही. आपल्यासारख्या वैष्णव माध्वाच्या घरात ही गोष्ट कुणी सांगत नाही, मांडणं तर सोडाच. काकूंनी हंस बघितला, वराह बघितला, मधला खांब बघितला आणि काठी आपटली.

"कमळी! हरीला हरवलंस की गं! नवरात्रात!"

"काकू, तो तारा आहे."

"तारा असा उभा असतो होय?"

"जन्मताना असतो."

"जन्मताना! सहा बाळंतपणं केलीत मी. मला सांगू नको जन्मताना काय असतं ते."

यावर चटईवरच्या दोघीजणी हसल्या आणि काकू अधिकच भडकल्या. मग तू आत आलास. एकदा वर बघितलंस, एकदा खाली, आणि म्हणालास, "अक्का, सगळ्यांची चेष्टा करायची तुझी सवय जायची नाही." काकूंचा हात धरलास, चपला घातल्यास आणि गेलास. वर्षिणी ताऱ्याशेजारी उभी होती. बोलायला तोंड उघडलेलं, एक हात तबकडीकडं नेलेला. तिच्याकडं तू बघितलंही नाहीस.

मला शिवाचा राग नाही, गौरम्मांचा नाही, काकूंचाही नाही. मला राग आहे तो एकाच गोष्टीचा. खोलीत सात माणसं होती. एकीनं पूजा केली, एकीनं शाप दिला, तू निघून गेलास. "हे काय आहे?" असं कुणी म्हणजे कुणीच विचारलं नाही. चौतीस वर्षं मी पोरींना फिजिक्स शिकवलं. ज्या पोरीला काही येत नसे तिला मी कधी हाकलली नाही, न विचारणारीला मात्र वर्गाबाहेर उभी केली. तू इंजिनिअर आहेस. रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्यभर फिरणारी चाकं बघितलीस. तू तरी विचारायचंस!

नाही विचारलंस, तर न विचारता सांगते.

वायूचा थंड, प्रचंड ढग असतो. तो स्वतःच्याच वजनानं आत ढासळायला लागतो. त्याला थोडी गिरकी असते, अगदी थोडी. पण जसा आक्रसतो तशी गिरकी वाढते. आता तुझ्या डोक्यानं विचार कर. वेगानं फिरणारी वस्तू मध्याकडं पडेल का? नाही पडणार. मधल्या गोळ्याभोवती नुसती फिरत राहील, जात्याभोवती पीठ साठावं तशी तबकडी होऊन. तारा भुकेला, घास समोर, आणि घास तोंडात जात नाही. ती गिरकी कुठंतरी टाकून दिल्याशिवाय एक कणही आत पडत नाही.

म्हणून तो टाकतो. आत यायला निघालेल्या वायूतला काही भाग, साधारण दहावा हिस्सा म्हणतात, चुंबकीय बळाच्या जोरावर वर आणि खाली भिरकावला जातो, सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटर वेगानं. तो जाताना गिरकी घेऊन जातो. मग उरलेला आत पडतो आणि तारा वाढतो. हे झोत प्रकाशवर्षं लांब जातात. त्यांत गाठी असतात, कारण तारा एकसारखा खात नाही. हावरटासारखा मध्येच खातो, मध्येच थांबतो, आणि जेव्हा जास्त खातो तेव्हा जास्त फेकतो. जी गाठ जितकी दूर, तितकी जुनी. आणि पुष्कळदा आपल्याला एकच झोत दिसतो. दुसरा धुळीमागं असतो. तो नाही असं नव्हे, आपली नजर तिथं पोचत नाही. वेगळ्या दुर्बिणी लागतात.

हे झोत तबकडीच्या नेमक्या कुठल्या भागातून सुटतात, याबद्दल शहाण्या माणसांची अजून भांडणं चालू आहेत. हे वाक्य लक्षात ठेव.

रविवारी वर्षिणी हेच सगळं तुला सांगणार होती आणि मग आणखी एक गोष्ट सांगणार होती. ती गोष्ट मला माहीत आहे. सांगायची नाही असं मी तिला वचन दिलंय. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे आहे ते वचन मोडणार नाही. ती ताऱ्यासमोर उभी राहून तूच विचारल्यावर सांगेन म्हणते. घरात, जेवताना, सुप्रीता पोळ्या लाटताना नाही. तिचा हट्ट आहे. हट्ट कुणाच्या घराण्यातला, हे आपण दोघं जाणतो.

वराह दोन बोटं डावीकडं सरकवलाय. हंस काढून ठेवलाय. कुंकवाचा डाग तसाच आहे. आता तरी काकूंना न घेता, एकटा ये.

दशमीला मी सगळं उतरवणार.

तुझी,
चेष्टा न करणारी अक्का


गोकुलम
शनिवार, १२ ऑक्टोबर
विजयादशमी

संकर्षण,

आशीर्वाद आहेतच, ते मी काढून घेत नाही. बाकी रीत आज बाजूला ठेवते.

सगळं गाव हत्ती बघायला गेलंय. गल्लीत चिटपाखरू नाही. टीव्हीवर नगारे वाजताहेत ते बंद केले आणि लिहायला बसले. सकाळी सुप्रीताचा फोन आला होता. रडत होती. तू तिला सांगितलंयस की अक्कानं पोरीला फितवलं, नोकरी सोडायला लावली आणि तुला बोलावून सगळ्यांसमोर अपमान केला. सगळे कोण? आपण तिघंच होतो, आणि चौथा तारा. काल काय झालं ते मी जसंच्या तसं लिहिते. तुला ते माहीत आहे, पण हे पत्र सुप्रीताला वाचून दाखव. न गाळता.

काल आयुधपूजा. स्कूटरला झेंडूचा हार, हँडलला गंध, अशा थाटात तू एकटा आलास. मला बरं वाटलं. ते मी दाखवलं नाही, तुला ऊठसूट बरं वाटू देणं चांगलं नाही. तू समोर बसलास. थाळी किरकिर करत फिरत होती. बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "हं. काय आहे हे?"

वर्षिणीनं सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी शिकवते तेव्हा समोरच्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. ती सांगते तेव्हा आपण तिच्याबरोबर बघतोय असं वाटतं. तू पुढं सरकलास. पायरीला हात टेकलास. तुझा चेहरा मी तसा फार वर्षांत बघितला नव्हता.

तू विचारलंस, "आणि हे फेकलंच नाही तर?"

"तर आत काही पडणारच नाही, अप्पा. नुसतं फिरत राहील."

"आणि हे इथूनच सुटतं? मधूनच? की कडेच्या भागातून?"

संकर्षण, तो प्रश्न ऐकून पोरीचे डोळे चमकले. कारण भांडण तेच आहे! तिनं तुला लिहून दिलेला प्रश्न नव्हता तो. तो तुझ्याच डोक्यातून आला.

ती म्हणाली, "ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. ते शोधायला मी पुण्याला चाललेय."

इतकं सरळ सांगेल असं मलाही वाटलं नव्हतं.

तू हसलास. तुला वाटलं, दोन दिवसांची सहल. "कधी?"

"सोमवारी. पाच वर्षांसाठी. पीएचडीला घेतलंय मला, अप्पा. बुधवारी रुजू व्हायचंय."

"आणि ऑफिस?"

"सोडलं."

"कधी सोडलं?"

"ऑगस्टात."

मग तू तिच्याकडं बघितलं नाहीस. माझ्याकडं बघितलंस. तुला लगेच कळलं. तू नेहमीच हुशार होतास, फक्त आळशी. दोन महिने तू तिला रोज सकाळी स्कूटरवरून सर्कलच्या बसथांब्यापर्यंत सोडत होतास, "ऑफिसला पोचलीस की मेसेज कर" म्हणत होतास, आणि ती तिथून दुसरी बस धरून माझ्याकडं येत होती. माझ्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून मुलाखतीची तयारी करत होती. पोचले, असा मेसेज माझ्या टेबलावरून जात होता.

तू म्हणालास, "डबा पण इथंच खात होती?"

मी म्हटलं, "हो. आणि अर्धा मी खात होते."

हे मी बोलायला नको होतं, असं वर्षिणीचं म्हणणं. खरं होतं म्हणून बोलले.

तू उठलास. ताऱ्याकडं बघितलंस, आणि जे म्हणालास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "लिंगच असतं तर बरं झालं असतं, अक्का." आणि गेलास. तुझ्या हारातली फुलं फाटकात पडली ती अजून तिथंच आहेत.

आता माझं.

तिनं फसवलं याचा तुला राग आला, तो योग्य आहे. तिलाही मी हेच सांगितलं. सर्कलला उभं राहून बापाला हात हलवायचा आणि वळून दुसरी बस धरायची, हे चांगलं नव्हे. तिला रोज वाईट वाटत होतं. पहिले काही दिवस तर ती इथं येऊन नुसती बसून राहायची. पण मी फितवलं, हे खोटं आहे. राजीनामा दिल्यावर ती माझ्याकडं आली. आधी नाही. आल्यावर मी दार उघडलं, पंखा लावला आणि गणितं तपासली. तिचं गणित कच्चं होतं. आता नाही.

तिनं तुला आधी का नाही सांगितलं, हे तू स्वतःला विचार. मी सांगू शकते, पण मग तू हे पत्र फाडशील. एवढंच म्हणते. ती नोकरी तुला फार आवडत होती. कुणीही भेटलं की तिच्या कंपनीचं आवार किती मोठं आहे ते तू सांगत होतास. माणूस एवढा आनंदात असला की त्याच्या हातातून वस्तू काढून घेणं कठीण जातं. तिला ते जमलं नाही. निवड झाल्याचं कळलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "आत्या, आता अप्पांना सांगावं लागेल." निवड झाली नसती तर तिनं तुला कधी सांगितलंही नसतं. गुपचूप दुसरी नोकरी धरली असती. तू खूश, ती गप्प. तुला ते हवं होतं का?

आणि आता सुप्रीता सांगते, तू म्हणालास की गेली तर दिवाळीला परत येऊ नकोस म्हणावं. हे तू तिला तोंडावर सांगितलेलं नाहीस. बायकोमार्फत निरोप पाठवतोस. मी तो निरोप पोचवला नाही आणि सुप्रीतालाही पोचवू देणार नाही. असलं वाक्य बोलायचं तर स्वतः येऊन बोल. मी दार उघडीन. मग मात्र तुला माझंही काही ऐकावं लागेल आणि त्यातलं पुष्कळसं इंग्रजीत असेल.

कालपासून ती इथंच आहे. घरी जायला घाबरते. घाबरते म्हणजे तू ओरडशील म्हणून नाही.

काल तू गेल्यावर आम्ही दोघी पायऱ्यांसमोर बसलो होतो. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, बघ, ताऱ्याला पण काही टाकून द्यावं लागतं, म्हणून तर तो... तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. "आत्या, उपमा देऊ नको. वायू आहे तो." बरोबर होतं तिचं. आयुष्यभर मीच पोरींना सांगत आले, पेपरात अलंकार लिहू नका.

मग ती म्हणाली, "अप्पांनी थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते. ते म्हणालेच नाहीत."

आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुला काय वाटतं आत्या? थांबू?"

संकर्षण, इथपर्यंत मी भराभर लिहिलं. इथं पेन थांबलंय.

सकाळी फाटक वाजतं. ती चपला काढून आत येते, दोन्ही चपला दोन दिशांना. मी ओरडते. मग ती कॉफी मागते आणि मी म्हणते, हे काय हॉटेल आहे? आणि कॉफी आधीच गाळलेली असते. कॉलेज सुटल्यापासून या घरात दिवसा दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. मला त्याचं काही वाटतही नव्हतं. तसं मी सगळ्यांना सांगत होते आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. मग ऑगस्ट आला. गणितावरून आम्ही भांडतो. मी चुकते तेव्हा ती टाळ्या वाजवते. मला अडुसष्टाव्या वर्षी, अर्ध्या टेबलावर, पुन्हा काहीतरी शिकायला मिळालं. तू सर्कलला जिला सोडत होतास, तिची मी खिडकीत उभी राहून वाट बघत होते, रे. तुला वाटतं तुझ्या घरातून काढून मी तिला पुण्याला धाडतेय. ती गेल्यावर, मंगळवारपासून, तुझ्या घरात सुप्रीता आहे, काकू आहेत, टीव्ही आहे.

तर तिनं विचारलं, थांबू? मी एक शब्द म्हटला असता तर ती थांबली असती. हे मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत होतं. म्हणून तर विचारलं.

मी म्हटलं, "बॅगेला कुलूप आहे का?"

ती म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "मग उद्या घेऊन ये. आगगाडीत लोक चांगले नसतात."

एवढंच. आज दसरा, दुकानं बंद होती, तरी तिनं कुठूनसं एक कुलूप पैदा केलं. पितळी आहे. किल्ली घट्ट बसते.

आता तुझं. तू ते म्हणू शकतोस. अजून दीड दिवस आहे. तू येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि थांब म्हणालास, तर ती बॅग उघडेल. मी तिला अडवू शकणार नाही, तुझा हात माझ्या जिभेपेक्षा जड आहे. म्हणून हे पत्र. तुझ्याकडं मी कधी काही मागितलेलं नाही. भावाकडं मागायची बहिणीची रीत मला जमली नाही, भाऊबीजेलाही मी तुलाच पुस्तकं देत आले. आज मागते. ओरड. रुस. काकूंना घेऊन ये आणि हरीचं नाव घेऊन मला शिव्या द्यायला लाव. पण तो एक शब्द म्हणू नकोस.

तुझा कालचा प्रश्न तिनं लिहून घेतला आहे, "मधूनच की कडेच्या भागातून". तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. खाली लिहिलंय, अप्पा. मी चोरून वाचलं.

सोमवारी सकाळची बंगळूरची गाडी. तिथून पुणे. मी तिला सांगितलंय, अप्पा येणार नाहीत असं धरून चाल. तिनं तसं धरलंय. मी धरलेलं नाही. आलास तर बोलू नकोस. नुसती बॅग उचल, मला ती उचलवत नाही. आणि गाडी हलल्यावर स्टेशनाबाहेर दोन मिनिटं थांब माझ्याजवळ. बोलायची गरज नाही. मीही बोलणार नाही.

आयुष्यात एकदाच तोंड आवरलेली,
तुझी अक्का